‘मजुरांची टंचाई’ : झरिया-राणीगंजच्या कोळसाखाणींचा एक शब्दप्रपंच

सरकारी अहवालांना वाङ्मय म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि ती नाही हे एका परीने बरेच आहे. पण एखादा शब्द शंभर-सव्वाशे वर्षे एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच वाक्यात पुन्हा पुन्हा येत राहिला, तर त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण साहित्याच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते. दामोदर नदीच्या खोऱ्यातील राणीगंज आणि झरिया या कोळसाक्षेत्रांविषयीचे जुने कागद वाचताना आम्हांला असा एक शब्द भेटत गेला. तो म्हणजे ‘मजुरांची टंचाई’. खाणमालकांच्या संघटना तो वापरतात, खाणनिरीक्षक वापरतात, चौकशी समित्या वापरतात, आणि युद्धकाळात तर साक्षात सरकारच त्याच्या आधाराने कायदा बाजूला ठेवते. मंडळी पुरेशी नाहीत, जी आहेत ती नियमित नाहीत, आणि नियमित असली तरी त्यांना काम येत नाही, अशी ही त्रिपदी तक्रार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या तक्रारीत माणसे मोजलेली फार थोड्या वेळा आढळतात. कोणत्या अटींवर माणसे येण्यास तयार नाहीत, आणि आलेल्यांपैकी कोणाच्या हाताला कसब आहे असे मानायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या एका शब्दात दडवलेली असतात.

राणीगंजच्या परिसरात कोळसा काढण्याचा इंग्रजी उद्योग १७७४ साली सुरू झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळी सम्नर आणि हीटली या कंपनीच्या नोकरांनी तो परवाना मिळवला होता. आरंभीची साठ वर्षे या धंद्यात फारसा जीव नव्हता. द्वारकानाथ टागोरांच्या कार-टागोर कंपनीने १८३६मध्ये राणीगंजची खाण घेतली, १८४३मध्ये बंगाल कोल कंपनी स्थापन झाली आणि १८५५मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे राणीगंजला पोचली. त्यानंतर मात्र कोळशाला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. रेल्वे हीच सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती. झरियाचा पट्टा १८९०च्या दशकात रेल्वेने जोडला गेला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्याने राणीगंजला मागे टाकले.

खाणीत उतरणारे लोक कोण होते? आरंभी मुख्यतः बाउरी, पुढे मोठ्या संख्येने संथाळ. त्यांच्या जोडीला भुइया, कोल आणि मध्य प्रांतातून आलेले, खाणींत ‘बिलासपुरी’ या एकाच नावाने ओळखले जाणारे मजूर. यांतील बहुतेकांची आसपास किंवा गावाकडे थोडीफार जमीन असे. भाताची लावणी आली की खाण ओस पडे, कापणीला ती पुन्हा ओस पडे. खाणमालकांच्या दृष्टीने ही अनियमितता होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो हंगाम होता. खाणीतले काम त्याने शेतीला पूरक म्हणून धरले होते. शेती सोडून खाणीत येण्याइतकी खाणीची मजुरी कधी नव्हती.

या ठिकाणी अर्थशास्त्राच्या वेषातले एक मत प्रचारात आले. या लोकांच्या गरजा ठरावीक असल्यामुळे मजुरी वाढवली तर ते तितकेच पैसे कमी दिवसांत मिळवतील आणि उरलेले दिवस घरी बसतील, असे ते मत होते. म्हणजे मजुरी वाढवून टंचाई वाढेल! हे मत किती सोयीचे होते हे सांगायला नको. टंचाईचा एकमेव सरळ उपाय त्याने पहिल्याच पायरीला बाद केला. ते खरे होते की नव्हते याचा निकाल पुढे १९४३ साली लागला. त्याकडे आपण येऊच.

मजुरी वाढवायची नाही तर मग माणसे आणायची कशी? एक मार्ग जमिनीचा होता. कोळसा कंपन्यांनी जमीनदारी हक्क विकत घेतले आणि आपल्या हद्दीतील कुळांना जमीन कसायला दिली ती खाणीत ठरावीक दिवस काम करण्याच्या अटीवर. काम चुकले तर जमीन जाई. गिरिडीहच्या रेल्वेच्या मालकीच्या खाणींतही अशी चाकरीची कुळे होती. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर स्पष्ट नापसंती नोंदवली. आपले ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. दुसरा मार्ग मुकादमीचा. तिकडे त्याला सरदार म्हणत. सरदार गावात जाई, उचल देई, टोळी आणी, आणि टोळीच्या प्रत्येक टबामागे आपले दलाली घेई. कोळसा काढण्याचे कामच ठेकेदाराकडे सोपवलेले असले की खाणीचा मालक आणि खाणीतला मजूर यांच्या मध्ये दोन-तीन माणसांची फळी उभी राही. ऊसतोडणीच्या टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये. शिवाय याच छोटा नागपूर आणि संथाळ परगण्यातल्या माणसांवर आसामच्या चहामळ्यांचेही दलाल टपलेले होते. तेव्हा माणसे नव्हती असे नाही. त्यांच्यावर दावा सांगणारे अनेक होते, आणि त्यांतला कोणीही भाव चढवायला राजी नव्हता.

आता कसबाविषयी. या विषयावर थोडे थांबणे भाग आहे, कारण सगळा घोळ येथेच आहे.

त्या काळच्या बहुतेक खाणींत कोळसा काढण्याची रीत अशी असे : थरात उभ्या-आडव्या गल्ल्या पाडत पुढे जायचे, मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून राखायचे, आणि सगळा भाग असा कोरून झाला की शेवटच्या टोकापासून ते खांबही काढत काढत मागे यायचे. खांब काढला की मागचे छत कोसळते, कोसळलेच पाहिजे. ते कधी कोसळेल हे ओळखणे हे या कामातील खरे ज्ञान. काठीने छत ठोकून पाहायचे, आवाज खणखणीत आला तर दगड धरून आहे, पोकळ आला तर सुटला आहे. आधाराला लावलेले लाकडी टेकू छताचा भार वाढू लागला की कुरकुरतात, त्यांच्या चिरफळ्या उडू लागतात. तो आवाज ऐकून टोपली आणि कुदळ टाकून योग्य दिशेला पळायचे असते, आणि योग्य दिशा अंधारात माहीत असावी लागते. कुदळीचा घावही कोठेही घालून चालत नाही. थराला जात असते, चिरा असतात. खालून खाच घेऊन वरचा कोळसा मोठ्या ढेकळांत उतरवणे आणि त्याचा चुरा होऊ न देणे यात मजुराचा आणि मालकाचा दोघांचाही फायदा असे, कारण चुऱ्याला भाव कमी. कोळसा कापणाऱ्याला तिकडे ‘मालकट्टा’ म्हणत. त्याच्या मागे कोळसा टोपलीत भरून टबापर्यंत नेणारी बहुधा त्याची बायको, बहीण किंवा मुलगी असे. तिला ‘कामिन’ म्हणत. पायांखाली पाणी, डोक्यावर टोपली आणि हातभर उजेड, अशा स्थितीत चढावर चालण्याचेही एक तंत्र असते. जोडीने काम करणारी ही माणसे एकमेकांच्या हालचालींनी इतकी ओळखीची झालेली असत, की दुसरा माणूस मध्ये घातला तर काम मंदावे. दोघांची मजुरी टबावर, आणि ती पुरुषाच्या हातात.

हे सर्व शिकवायला शाळा नव्हती. बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे ते जाई. आणि नेमके म्हणूनच की काय, ते सरकारी तक्त्यांत कसब म्हणून नोंदले गेले नाही. मुख्य खाणनिरीक्षकाच्या वार्षिक अहवालांतील वेतनाचे तक्ते पाहावेत. त्यांत जमिनीखालील कामगारांचे रकाने असे : ओव्हरमन आणि सरदार, कोळसा कापणारे, भरणारे, कुशल मजूर, अकुशल मजूर, आणि या सगळ्यांपासून वेगळा, ‘स्त्रिया’. आम्ही हा तक्ता प्रथम पाहिला तेव्हा वर्गीकरणाचा हा नमुना एखाद्या विनोदी लेखकाने रचावा तसा वाटला. कोळसा कापणारा कुशलांत नाही. तो अकुशलांतही नाही. तो आपला तोच आहे. कुशल म्हणजे इंजिनवाला, फिटर, ज्याच्या कामाला इंग्रजी नाव आहे असा. आणि स्त्रीला तर कामच नाही, केवळ लिंग आहे. ती भरते, वाहते, पंपाजवळ उभी राहते की खडी फोडते, हे रकान्याला ठाऊक नसते.

याच्या वरच्या टोकाला वेगळीच टंचाई होती. १९०१च्या खाण कायद्याने खाणींवर पात्रता असलेले व्यवस्थापक नेमण्याची सक्ती आणली. खाणनिरीक्षणाचे कार्यालय १९०२मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि १९०८मध्ये धनबादला हलले. व्यवस्थापक मोठ्या खाणींत बहुतांशी इंग्लंड-स्कॉटलंडहून येत. त्यांना पगार भरपूर, बंगला, रजा, परतीचे भाडे. म्हणजे त्या पातळीवर माणूस मिळेना तर किंमत वाढवून आणायची असते, हे तत्त्व मालकांना पूर्णपणे अवगत होते. भारतीयांना हे शिक्षण येथेच मिळावे अशी मागणी राष्ट्रीय सभेने १९०१च्या अधिवेशनातच केली होती. मॅक्फर्सन समितीने १९१३-१४ साली तशी शिफारस केली, आणि धनबादची इंडियन स्कूल ऑफ माइन्स प्रत्यक्ष उघडली ती ९ डिसेंबर १९२६ रोजी, लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. मागणीपासून उद्घाटनापर्यंत पंचवीस वर्षे गेली. त्या पंचवीस वर्षांत प्रत्येक अहवालात शिक्षित भारतीय मिळत नसल्याचा उल्लेख करणे चालू राहिले असेल तर त्यात नवल नाही.

स्त्रियांच्या रकान्याकडे परत येऊ. १९२०च्या सुमारास कोळसाखाणींतील एकूण मजुरांत स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. जगातील इतर बहुतेक मोठ्या कोळसाउत्पादक देशांत स्त्रीला जमिनीखाली पाठवणे बंद झालेले होते. इंग्लंडात तर १८४२ सालीच. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाल्यावर हिंदुस्थानला या बाबतीत उत्तर देणे अवघड जाऊ लागले. १९२९मध्ये नियम आले. बहुतेक खाणींत बंदी ताबडतोब लागू झाली. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांतातील कोळसाखाणी व पंजाबातील मिठाच्या खाणी यांना सवलत मिळाली : दरवर्षी संख्या कमी करत न्यायची आणि १९३९पर्यंत शून्यावर आणायची. प्रत्यक्षात १९३७च्या ऑक्टोबरातच बंदी पूर्ण झाली.

बंदीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अंगावरचे मूल घेऊन खाणीत उतरणारी बाई हे दृश्य ज्यांना असह्य झाले त्यांचे मन चुकीच्या जागी नव्हते. परंतु जोडीतील एक माणूस कमी झाल्यावर उरलेल्याच्या टबाचा दर वाढला नाही. पुरुषाने कापायचे आणि भरायचेही. टब कमी भरू लागले आणि घरात येणारा पैसा कमी झाला. बायको गावी, नवरा खाणीच्या धौड्यात, असे संसार दुभंगले. ज्या बाउरी आणि संथाळ कुटुंबांनी मिळून काम करण्याची रीत बसवली होती त्यांपैकी अनेकांनी खाणीकडे पाठ फिरवली; त्यांच्या जागी दूरदूरच्या प्रदेशांतून एकटे पुरुष येऊ लागले. खाणीतून बाहेर पडणाऱ्या बाईला पर्यायी काम काय द्यायचे, तिच्याबरोबर जाणाऱ्या कमाईची भरपाई कशी करायची, याविषयीची कलमे त्या नियमांत शोधूनही सापडत नाहीत. मजुरांच्या हितासाठी केलेल्या नियमांनी मजुरांना विचारले नव्हते. तसे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती, एवढे म्हणून पुढे जाणे योग्य.

मग युद्ध आले. १९४२ नंतर पूर्व भारतात विमानतळ, रस्ते, छावण्या यांची प्रचंड कामे निघाली. तेथे मजुरी जास्त होती, काम उघड्यावर होते, डोक्यावर छत कोसळण्याची भीती नव्हती, आणि बायकोलाही शेजारीच काम मिळत होते. कोळसाखाणींतील माणसे हजारोंनी तिकडे गेली. १९४३ साली कोळशाचे उत्पादन आधीच्या वर्षापेक्षा बरेच घसरले. आगगाड्या, गिरण्या, शस्त्रास्त्रांचे कारखाने सगळ्यांनाच झळ लागली. ज्या मजुराला पैशाचे आकर्षण नसते असे चाळीस वर्षे सांगितले गेले होते, तो दोन आणे जास्त मिळतात म्हटल्याबरोबर निघून गेला. त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी यावर काय म्हटले हे शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला. त्यांनी टंचाई आहे असे म्हटले.

या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे. जुलै १९४२ ते १९४६ या कालखंडातील त्यांच्या कामाविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पण कोळसाखाणींचा हा प्रसंग चरित्रकारांनी बहुधा ओळीदोन ओळींत उरकलेला असतो, आणि तो अवघड असल्यामुळेच उरकलेला असावा असा आम्हांला संशय आहे. कारण १९४३च्या उत्तरार्धात सरकारने स्त्रियांवरील बंदी उठवली. आधी मध्य प्रांतात, मागोमाग बंगाल, बिहार आणि ओरिसात. मजुरांच्या बाजूने आयुष्यभर उभा राहिलेला माणूस मजूरमंत्री असताना, मजूरचळवळीने मिळवलेली एक गोष्ट मागे घेतली गेली.

विरोध झालाच. देशातील महिला संघटनांनी केला, इंग्लंडातही प्रश्न विचारले गेले. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयावर चर्चा झाली. रेणुका राय यांनी सरकारवर टीका केली. बाबासाहेबांचे त्या दिवशीचे भाषण उपलब्ध आहे आणि ते प्रत्येकाने मुळातून वाचावे. स्त्रियांना जमिनीखाली पाठवणे चांगले आहे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. निर्णय आणीबाणीचा आहे, तात्पुरता आहे, आणि तो सरकारने आनंदाने घेतलेला नाही, ही त्यांची पहिली भूमिका. माणसे खाणी सोडून का गेली याची कारणे ते जशी होती तशी सांगतात, आणि त्यांत मजुरीचा आणि कुटुंबाने एकत्र काम करण्याचा प्रश्न ते झाकत नाहीत. कमी उंचीच्या गल्ल्यांत स्त्रियांना पाठवायचे नाही अशी अट घातल्याचेही ते सांगतात. आणि मग येतो तो मुद्दा, ज्याच्यासाठी आम्ही या भाषणाकडे वारंवार परततो : जमिनीखाली जाणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी द्यावी लागेल. लिंगभेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व हिंदुस्थानात एखाद्या उद्योगात प्रथमच लागू होत आहे, याची जाणीव ते सभागृहाला करून देतात.

तक्त्यातील तो ‘स्त्रिया’ हा रकाना आठवावा. ती काय करते हे ज्याला ठाऊक नव्हते, त्या रकान्याला या अटीमुळे प्रथमच असे विचारावे लागले, की ही बाई कोणते काम करते, आणि तेच काम पुरुष करील तेव्हा त्याला काय मिळते. बंदी उठवण्याचा निर्णय समर्थनीय होता की नव्हता याविषयी आमच्यातच दोन मते आहेत, आणि ती जुळवून घेण्याची घाई आम्हांला नाही. युद्धासाठी कोळसा हवा होता म्हणून गरीब बायकांना अंधारात उतरवले, हे वाक्य खरे आहे. ज्यांना सहा वर्षांपूर्वी भरपाईवाचून बाहेर काढले होते त्यांना या वेळी पूर्ण मजुरीचा हक्क कागदावर तरी मिळाला, हेही खरे आहे. ‘कागदावर तरी’ असे म्हणण्याचे कारण, की टबावर मजुरी आणि मध्ये ठेकेदार ही रचना तशीच होती, आणि अशा रचनेत समान दामाचा हिशेब कोण कसा तपासणार?

बाबासाहेब स्वतः डिसेंबर १९४३मध्ये धनबादकडे गेले होते आणि खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले होते, मजुरांची घरे पाहिली होती. जानेवारी १९४४मध्ये कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला : बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्यातून घरे, पाणी, दवाखाने, मलेरियाप्रतिबंध. टंचाईचा विचार माणूस आणण्याच्या बाजूने न करता तो टिकावा या बाजूने करण्याचा तो पहिला गंभीर सरकारी प्रयत्न म्हणावा लागेल.

त्याच सरकारने त्याच काळात दुसराही मार्ग धरला. गोरखपूरला मजूरभरतीचा डेपो उघडला गेला आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातील हजारो पुरुष करारावर खाणींत आणले गेले. त्यांना कुटुंब आणण्याची मुभा नव्हती. स्थानिक मजुरांपासून वेगळ्या छावण्यांत, पहाऱ्याखाली ते राहत. सामूहिक स्वयंपाकघरात जेवत. युनियनचा वारा त्यांना लागू नये याची काळजी घेतली जाई. करार संपला की परत. संप मोडायला या फौजेचा उपयोग होतो हे मालकांच्या लवकरच ध्यानात आले, आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे ही ‘गोरखपुरी’ भरती चालू राहिली. एकाच दशकात, एकाच ठिकाणी, एकाच टंचाईवर हे दोन उपाय शेजारीशेजारी चालले होते. त्यांपैकी कोणता मालकांना स्वस्त पडला हे उघड आहे.

या काळाचे सर्वांत विश्वसनीय वर्णन ज्या अहवालात आहे तो एका मराठी माणसाचा. रेगे समितीचे एक सदस्य एस. आर. देशपांडे यांनी कोळसाखाणींतील मजुरांच्या स्थितीची चौकशी केली. त्यांचा अहवाल १९४६चा. शैली कोरडी आहे, विशेषणे जवळजवळ नाहीत; मजुरी, कर्ज, घर, आहार, गैरहजेरी. पण गैरहजेरीच्या आकड्यांच्या शेजारीच राहण्याच्या जागेचे आकडे ठेवले, की ‘अनियमित मजूर’ या शब्दाचा अर्थ आपोआप बदलू लागतो. लेखकाने टीका न करता टीका कशी करावी याचा हा धडा आहे.

फेब्रुवारी १९४६मध्ये स्त्रियांवरील बंदी पुन्हा लागू झाली. युद्ध संपले होते. १९५२च्या खाण कायद्याने ती स्वतंत्र भारतातही कायम केली.

पुढचा भाग आम्ही भरभर सांगतो, कारण तो बऱ्याच वाचकांच्या आठवणीतला आहे. कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १ मे १९७२ रोजी, बाकीच्यांचे १ मे १९७३ रोजी झाले. १९७५मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स तिची उपकंपनी बनली. पगार वाढले, नोकरी कायम झाली, आणि चमत्कार असा, की टंचाई नाहीशी झाली! पूर्वी ज्या कामाला दलाल पाठवून माणसे आणावी लागत, त्या कामासाठी आता रांगा लागल्या आणि भरतीत वशिला चालू लागला. जमिनीवरच्या कामांत उरलेल्या स्त्रियांना स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुलाला किंवा जावयाला जागा देण्याच्या योजना आल्या; ‘स्वेच्छा’ कोणाची होती हे त्या घरांनाच ठाऊक. नोकरीला किंमत आली त्याबरोबर ती पुरुषाची झाली.

महाराष्ट्रात याचा आरंभ वरोऱ्याला झाला होता. आज आनंदवनामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावी १८७०च्या दशकात सरकारी कोळसाखाण सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. मग बल्लारपूर, घुग्घुस, वणी असा तो उद्योग पसरत गेला. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या या गावांत आज भरतीचा प्रश्न वेगळ्या नावाने विचारला जातो. तेथे शब्द आहे ‘प्रकल्पग्रस्त’. उघड्या खाणीसाठी जमीन गेली, तर साधारण दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब असतो. ज्याची दीड एकर गेली तो काय करतो, ज्याच्या सातबाऱ्यावर चार भाऊ आहेत त्यांतला कोण कामाला लागतो, ज्या शेतमजुराच्या नावे जमीनच नव्हती त्याला कोण विचारतो, यावर एकेक कादंबरी उभी राहील. गिरणगावाला नारायण सुर्वे लाभले. या खोऱ्याला त्या तोलाचा कवी अजून लाभायचा आहे. बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभीच राणीगंजच्या खाणींतील संथाळ-बाउरींना आपल्या ‘कयलाकुठी’च्या कथांत आणले, उर्दूत झरियाच्याच इलियास अहमद गद्दी यांची ‘फायर एरिया’ आहे, जिला १९९६चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ही पुस्तके मराठी विभागांच्या वाचनयादीत असावीत अशी आमची साधी मागणी आहे.

अलीकडे टंचाई हा शब्द परतला आहे, नव्या पेहरावात. त्याला आता ‘कौशल्यांची तूट’ म्हणतात. ओव्हरमन, मायनिंग सरदार, सर्वेक्षक या कायद्याने आवश्यक असलेल्या जागांसाठी प्रमाणपत्रधारक हवे आहेत. प्रचंड डंपर आणि शॉव्हेल चालवणारे हवे आहेत. धनबादची जुनी संस्था २०१६पासून आयआयटी झाली, आणि तेथे खाणशास्त्र शिकून संगणकाच्या धंद्यात जाणारे विद्यार्थी पाहून जुने प्राध्यापक हळहळतात. त्या विद्यार्थ्यांना दोष देणे आम्हांला जमणार नाही. तेही १९४३च्या मालकट्ट्याप्रमाणे जिकडे मजुरी जास्त आणि छत सुरक्षित तिकडे गेले आहेत. एकेकाळी सहा लाखांवर असलेले कोल इंडियाचे कायम मनुष्यबळ आता अडीच लाखांच्या आत आले आहे. उत्पादन मात्र कितीतरी पटींनी वाढले. मधली जागा यंत्रांनी आणि ठेकेदारांच्या मजुरांनी भरून काढली, आणि या ठेक्याच्या मजुरांना कौशल्य आहे की नाही हा प्रश्न पुन्हा रकान्यांच्या स्वाधीन झाला आहे.

स्त्रियांचे काय झाले हे सांगायचे राहिले. जानेवारी २०१९मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्यांना पुन्हा जमिनीखाली जाण्याची परवानगी दिली, पण तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांपुरती, सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळात. म्हणजे पदविका किंवा पदवी असलेली बाई खाली जाऊ शकत होती; टोपली घेतलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने सर्व प्रकारची कामे त्यांना खुली केली. तोवर जमिनीखाली टोपलीने कोळसा भरण्याचे काम बहुतेक ठिकाणी यंत्राकडे गेले होते, आणि ज्या घरांत सासूकडून सुनेला ते शिकवले जाई त्या घरांतली शेवटची कामिन स्वेच्छानिवृत्ती घेऊन केव्हाच बाहेर पडली होती.